जिनिंगमधले ॲनालॉग कॅमेरे बदलायचेत? आधी काट्यापासून सुरुवात करा

प्रश्न असा आला आहे: "आमची धरणगावजवळ जिनिंग-प्रेसिंग आहे, आवार चार एकरांचं. दहा-अकरा वर्षांपूर्वी बसवलेले १६ ॲनालॉग कॅमेरे आणि एक डीव्हीआर आहे. गेल्या हंगामात एका गाडीच्या वजनावरून वाद झाला. रेकॉर्डिंग काढलं तर गाडी दिसते, पण ना नंबर वाचता येतो ना काट्यावरचा आकडा. एक इन्स्टॉलर म्हणतो सगळं काढून ५ मेगापिक्सेलचे आयपी कॅमेरे टाका. दुसरा म्हणतो वायर तीच ठेवा, फक्त कॅमेरे आणि डीव्हीआर बदला. कोणाचं ऐकावं?"

भाऊ, दोघंही खोटं बोलत नाहीत, पण तुमचं दुखणं काट्यावर आहे आणि दोघं औषध अख्ख्या आवाराला देताहेत. जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंग, डाळमिल, केळीचे रायपनिंग चेंबर अशा ठिकाणी वर्षानुवर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ॲनालॉग कॅमेरा आपलं चित्र तारेतून सरळ डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्राला देतो; आयपी कॅमेरा कॉम्प्युटरसारखा नेटवर्कवर चालतो.

गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतं, "कॅमेरा शे, पन तोंड दिखस नही." यात कॅमेऱ्याचा दोष अर्धाच असतो. त्या कॅमेऱ्याला किती रुंद जागा बघायला लावली आहे, यावर उरलेलं अर्धं अवलंबून. जुन्या डीव्हीआरवर एक चित्र बहुधा ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं असतं. ४ एमएम लेन्सचा कॅमेरा साधारण ८० अंशांत बघतो, म्हणजे १० मीटरवर त्याच्यासमोर जवळजवळ १७ मीटर रुंदीची जागा येते. ७०४ पिक्सेल १७ मीटरवर पसरले की मीटरमागे चाळीसच हाती येतात. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठीचं ६२६७६-४ हे मानक सांगतं की नुसतं कोणीतरी आलंय एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. तुमची गाडी दिसली आणि नंबर दिसला नाही, ते यामुळे.

आता तिथेच, त्याच लेन्सचा ५ मेगापिक्सेल कॅमेरा लावा. त्याची आडवी रुंदी साधारण २,५६० पिक्सेल. मीटरमागे १५० मिळाले. सुधारणा मोठी आहे, पण २५० काही झाले नाहीत. याउलट साधा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या, १,९२० पिक्सेलचा, आणि त्याला १२ एमएम लेन्स लावा. तो साधारण २५ अंशांत बघतो, १० मीटरवर साडेचार मीटरच रुंदी धरतो आणि मीटरमागे चारशेच्या वर पिक्सेल देतो. जे काम मेगापिक्सेलनं झालं नाही ते लेन्सनं झालं, आणि तेही कमी पैशात. मेगापिक्सेल चौपट केले तरी आडव्या रेघेत पिक्सेल दुप्पटच होतात, हे विकणारा सांगत नाही. शिवाय तेवढ्याच सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो, रात्रीचं चित्र दाणेदार होतं. हंगामात तुमच्या गाड्या रात्रीच जास्त येतात.

म्हणून कोटेशन घेण्याआधी एक कागद घ्या आणि आवारातल्या प्रत्येक जागेसमोर लिहा की इथे मला नेमकं काय वाचायचं आहे. फाटकावर नंबर प्लेट आणि ड्रायव्हरचा चेहरा. काट्यावर गाडी पूर्ण प्लॅटफॉर्मवर आहे का, मागचं चाक बाहेर तर नाही, वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरचा आकडा काय. कॅश खिडकीवर नोटा मोजणारे हात. पण कपाशीच्या ढिगांवर, सरकीच्या शेडवर, गाठींच्या गोदामाबाहेर फक्त "कोणी आलं का, धूर दिसतो का" एवढंच हवं. पहिल्या प्रकारच्या जागा पाच-सहा निघतील, दुसऱ्या प्रकारच्या दहा. आयपीवर आधी जायचं ते पहिल्या प्रकारच्या जागांसाठी.

काट्याबद्दल थोडं जास्त बोलतो. एकाच कॅमेऱ्यात नंबर प्लेट आणि इंडिकेटर दोन्ही धरायचा हट्ट सगळेच करतात, आणि तो जमत नाही. २०१९ च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांना परावर्तक पत्र्याची उच्च सुरक्षा नंबर प्लेट असते, जुन्या गाड्यांनाही ती बसत चालली आहे. रात्री कॅमेऱ्याचा आयआर (अंधारात बघण्यासाठीचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) तिच्यावर पडला की ती पांढरीफटक होते आणि अक्षरं नाहीशी होतात. शिवाय हेडलाइट थेट लेन्समध्ये. त्यासाठी शटर वेगवान लागतं, सेकंदाचा अडीचशेवा भाग किंवा त्याहून कमी, आणि कॅमेरा प्लेटच्या समोरून फार तिरका नको, ३० अंशांच्या आत. अशा सेटिंगवर बाकीचं चित्र अंधारं दिसेल. दिसू द्या, तो कॅमेरा त्याच कामाला आहे. काट्याच्या लाल आकड्यांचं गणित याच्या उलट आहे. ते आकडे आळीपाळीनं फार वेगात चमकत असतात, डोळ्याला सलग दिसतात, पण वेगवान शटरच्या कॅमेऱ्याला ८ चा ३ दिसू शकतो. तिथे शटर पन्नासाव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. म्हणून काट्याला तीन कॅमेरे: एक प्लेटला, एक पूर्ण प्लॅटफॉर्मला बाजूनं, एक केबिनमध्ये इंडिकेटरला.

आयपीचा खरा फायदा इथेच कळतो. काट्याचा इंडिकेटर कॉम्प्युटरला जोडता येतो, आणि वजनकाट्याची बरीच सॉफ्टवेअरं वजन पक्कं झाल्याच्या क्षणाला नेटवर्कवरच्या कॅमेऱ्याकडून फोटो ओढून घेतात. वजनपावतीवरच गाडीचा फोटो, आकडा, वेळ. मग वाद झाला तर तासभर रेकॉर्डिंग मागे-पुढे करत बसावं लागत नाही. जुन्या पद्धतीत कॅमेरा आणि डीव्हीआर एकमेकांना बांधलेले असतात. आयपी कॅमेरा हा लेन्स लावलेला छोटा कॉम्प्युटरच आहे, त्याचं चित्र नेटवर्कवरचं कोणतंही परवानगी असलेलं यंत्र मागू शकतं. १९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीनं पहिला नेटवर्क कॅमेरा आणला तेव्हा तो जेमतेम सेकंदाला एक छोटं चित्र द्यायचा. आज तंत्र कुठल्या कुठे गेलं, मूळ कल्पना तीच आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांशी बोलाव्यात म्हणून २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी ऑनव्हिफ हे मानक सुरू केलं. कॅमेरा आणि एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग यंत्र) दोन्ही ऑनव्हिफवाले घ्या, पण एवढ्यावर निर्धास्त राहू नका. चित्र येईल, पण कधी कधी मोशन डिटेक्शन किंवा आवाज येत नाही. एकच नमुना आधी जोडून बघा.

आता दुसऱ्या इन्स्टॉलरच्या बाजूनं. त्याची सूचना मला बाकीच्या दहा जागांसाठी पटते. टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी या एचडी-ॲनालॉग तंत्रांनी जुन्या कोॲक्स (ॲनालॉग चित्राच्या) वायरवरूनच २ मेगापिक्सेल आणि त्याहून मोठं चित्र नेता येतं. एक्सव्हीआर नावाचं यंत्र घेतलं की त्याला जुने कॅमेरे, नवे एचडी-ॲनालॉग आणि काही आयपी असे तिन्ही जोडता येतात. ढिगावर नजर ठेवायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. एखाद्या किराणा दुकानात चारच कॅमेरे असतील तर मी आजही एचडी-ॲनालॉगच सुचवतो. चित्र लगेच येतं, आयपी पत्त्यांची भानगड नाही, दुरुस्ती कोणालाही जमते.

अट एकच, वायर धड असली पाहिजे. आपल्याकडे सगळीकडे थ्री-प्लस-वन वायर टाकलेली असते, एक कोॲक्स आणि वीज-आवाजाच्या तीन तारा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्यावर पडून पडून तिचं आवरण तडकतं, पावसाळ्यात पाणी शिरतं, खारी-उंदीर कुरतडतात ते वेगळंच. मधे टेप गुंडाळून जोड मारलेले असले तर जुन्या कमी दर्जाच्या चित्राला ते चालून जायचं, एचडीला चालत नाही, रेघा येतात. आणखी एक खूण: दिवसा ठीक चालणारा कॅमेरा रात्री आयआर पेटला की बंद-चालू होतो. ऑफिसातल्या एसएमपीएसमधून (वीजपुरवठ्याच्या डब्यातून) निघालेले १२ व्होल्ट बारीक तारेतून ८०-९० मीटर जाईपर्यंत गळतात. अशा वेळी कॅमेरा बदलून काही होत नाही. प्रत्येक वायर टेस्टरनं तपासून घ्या. चांगल्या निघतील त्या ठेवा, बाकीच्या जागी नवं टाका.

पहिल्या इन्स्टॉलरला मी एकच प्रश्न विचारेन: फाटकापासून ऑफिसपर्यंत अंतर किती? आयपी कॅमेऱ्याच्या कॅट-सिक्स वायरीवर इथरनेटची, म्हणजे नेटवर्कची, मर्यादा १०० मीटर आहे. चार एकरांच्या आवारात फाटक आणि प्रेसहाऊसचं मागचं टोक याच्या बाहेर जाण्याचीच शक्यता जास्त. काही नेटवर्क स्विचवर (अनेक कॅमेऱ्यांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यावर) २५० मीटरचं बटण असतं. त्यानं वेग १० मेगाबिटवर येतो, एका कॅमेऱ्याला तो पुरतोही, पण मी त्यावर कायमचं काम करत नाही. तुमच्या जागेसाठी फायबर टाका. फाटकाजवळ एक छोटा स्विच, तिथून ऑफिसपर्यंत सिंगल-मोड फायबर, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची वायर जोडणारी डबी). फायबर महाग असतं हा समज जुना झाला.

आणि फायबरचा दुसरा फायदा खान्देशात जास्त मोलाचा आहे. मे-जूनमध्ये वळवाचं वादळ येतं, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वादळात विजाही कडाडतात. वीज खांबावरच पडायला हवी असं नाही. शंभर मीटर तांब्याची तार उघड्या आवारातून गेलेली असली की जवळपास पडलेल्या विजेनंही तिच्यात इतका दाब उसळतो की कॅमेरा, स्विचचा पोर्ट आणि एनव्हीआर एका झटक्यात जातात. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. फक्त लोखंडी कवचाचं फायबर घेतलंत तर ते कवच अर्थ करावं लागतं, नाहीतर तोच रस्ता वीज धरते. जिथे तांब्याचीच तार आहे तिथे दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर, आणि खांबाला चांगली अर्थिंग. अर्थिंगशिवाय लावलेला प्रोटेक्टर शोभेचाच.

वीज देण्याच्या बाबतीत आयपी सरळ सरळ वरचढ आहे. पीओई स्विच कॅट-सिक्समधूनच साधारण ४८ व्होल्ट पाठवतो. १२ व्होल्टच्या तुलनेत तेवढ्याच वॉटला प्रवाह चौथाई लागतो, तारेत वाया जाणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. ८०२.३एएफ या २००३ च्या मानकात एका पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, ८०२.३एटी या २००९ च्या मानकात ३०. साध्या बुलेट (नळीसारख्या) कॅमेऱ्याला पहिलं पुरतं, फिरणाऱ्या पीटीझेडला बहुतेक वेळा दुसरं लागतं. बाजारात पीओई नावानं असे स्वस्त स्विचही मिळतात जे समोर काय जोडलंय हे न विचारता तारेत व्होल्टेज सोडतात. ते नकोत. आठ पोर्टच्या स्विचची एकूण वॉटची क्षमताही बघा, कारण रात्री सगळ्या कॅमेऱ्यांचे आयआर एकदमच पेटतात. लाईट गेल्यावरचा प्रश्नही सुटतो. ऑफिसात एक चांगला ऑनलाइन यूपीएस एनव्हीआर आणि स्विचला लावा, फाटकाजवळच्या स्विचला एक छोटा. बस, सगळे कॅमेरे चालू राहतात.

वायर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. वरून तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी कॅट-सिक्स सर्रास विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, पीओईत ती गरम होते आणि लांबवरचा कॅमेरा रात्री गळपटतो. ब्लेडनं तार खरवडली की आत पांढरं दिसतं. खोकंही उचलल्यावर हलकं लागतं. कोटेशनमध्ये "शुद्ध तांबं" हे शब्द लिहून घ्या आणि खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा.

साठवणुकीचा हिशोब स्वतः करता येतो. एक कॅमेरा ४ मेगाबिटनं लिहीत असेल तर दिवसाला ४३.२ जीबी होतात. असे दहा असतील तर ३० दिवसांना सुमारे १३ टीबी. एच.२६५ या चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीत बऱ्याच ठिकाणी निम्म्यात भागतं. पण जिनिंगमध्ये हवेत रुईचे तंतू उडत असतात, प्रत्येक तंतू कॅमेऱ्याला हालचाल वाटतो आणि आकडा फुगतो. रात्रीच्या दाणेदार चित्रानंही तेच होतं. ढिगाच्या कॅमेऱ्याला सेकंदाला १२ चित्रं खूप झाली, २५ काट्याला आणि कॅशला ठेवा. तुमचे वाद बहुधा पेमेंटच्या वेळी निघतात, म्हणून शेतकऱ्याला पैसे द्यायची तुमची जास्तीत जास्त मुदत किती, त्याच्या दुप्पट दिवस काट्याचं रेकॉर्डिंग राहील असं बघा. ढिगाचं आठवडाभर राहिलं तरी चालेल. हार्ड डिस्क सर्व्हिलन्सचीच घ्या. आणि एनव्हीआर पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवू नका, आपल्याकडचा उन्हाळा डिस्कला सोसत नाही.

तंतूंवरून आठवलं. जिनिंगच्या हॉलमध्ये डोम कॅमेरा लावू नका. घुमटावर फूस चिकटतं आणि रात्री आयआर त्याच्यावरूनच परत येऊन चित्र धुकट होतं. बुलेट घ्या, शक्यतो त्याचा स्वतःचा आयआर बंद ठेवून वेगळा दिवा दूर लावा. कोळ्यांची जाळीही मग कमी लागतात. हॉलमध्ये आणि प्रेसजवळ स्विच, सॉकेट, सैल जोड काहीही नको, रुईच्या धुळीत एक ठिणगी पुरते. कॅमेऱ्यालाच आग ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर तुम्हाला कोणीतरी दाखवेल. धुळीत ते सारखं बोंबलतं आणि तिसऱ्या दिवशी माणसं त्याचा आवाज बंद करून टाकतात. आगीसाठी तुमची पाण्याची लाईन आणि रखवालदार हेच खरे.

आयपीसोबत एक नवी जबाबदारी येते. जुन्या कोॲक्स वायरीतून बाहेरून कोणी घुसत नव्हतं, नेटला जोडलेल्या यंत्रात घुसतं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर फक्त कारखान्यात दिलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या कॉम्प्युटरांपासून वेगळं ठेवा, राऊटरवर पोर्ट उघडून मोबाईलवर बघायची सोय करून घेऊ नका, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. पासवर्ड इन्स्टॉलरच्या मोबाईलमध्ये नाही, तुमच्या तिजोरीत हवा. केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनं सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणीच्या अटी घातल्या, त्या २०२५ च्या एप्रिलपासून लागू आहेत. दुकानदाराला त्या मॉडेलचं एसटीक्यूसी (सरकारी चाचणी विभाग) प्रमाणपत्र मागा. जुना साठा स्वस्तात देतो म्हणणारे भेटतील, नको म्हणा.

वाद पोलिसांत किंवा कोर्टात गेला तर? जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरूनच प्रश्न उभा राहिला होता. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी सांगितलं की रेकॉर्डिंगची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं द्यायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा, फाइलवरूनच काढलेला आकडा) लिहावं लागतं. म्हणून मोबाईलनं टीव्हीच्या पडद्याचं शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवू नका, एनव्हीआरमधून मूळ फाइल काढा आणि लगेच हॅश काढून ठेवा. आणि घड्याळ! जुन्या डीव्हीआरची वेळ हमखास पुढे-मागे असते. एनव्हीआर आणि काट्याचा कॉम्प्युटर दोन्ही एकाच इंटरनेट घड्याळाला जुळवा, नाहीतर पावतीवर ४:१० आणि चित्रात ३:५२ दिसेल आणि समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

माझ्या मते क्रम असा ठेवा. या पावसाळ्याआधी फाटक ते ऑफिस आणि प्रेसहाऊस ते ऑफिस फायबरचा चर खणून पाइप टाकून घ्या, चर जरा मोठा ठेवा, पुढे लागतोच. जिनिंग बंद असताना फाटक, काटा आणि कॅश या जागा आयपीवर आणा. चांगल्या वायरीवरचे उरलेले कॅमेरे एचडी-ॲनालॉग करून एक्सव्हीआरवर ठेवा. खराब वायरी जसजशा जातील तसतशा त्या जागा आयपीवर येतील, दोन-तीन हंगामांत आपोआप सगळं येईल. जुना डीव्हीआर लगेच भंगारात देऊ नका. गेल्या हंगामातला तो वाद मिटलेला नसेल तर त्याची डिस्क काढून जपून ठेवा.

काम संपल्यावर इन्स्टॉलर मोबाईलवर झकपक लाइव्ह चित्र दाखवेल. त्यावर पैसे देऊ नका. रात्री नऊनंतर हेडलाइट लावून एक गाडी काट्यावर आणा, दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढायला लावा आणि ते ऑफिसातल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर चालवून नंबर आणि आकडा वाचून बघा. सोबत वायरींचा नकाशा, आयपी पत्त्यांची यादी आणि सगळे पासवर्ड कागदावर घ्या. मग उरलेलं बिल द्या.